रवा आणि नाचणी : शहापूर-मुरबाडच्या अन्नेतिहासातील एक प्रकरण

राजांच्या लढायांचा आणि तहांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला. त्या राजांच्या रयतेने रोज काय खाल्ले, याचा इतिहास अद्यापि तुटकच आहे. वस्तुतः धान्यांनाही इतिहास असतो. त्यांचे स्थलांतर होते, त्यांना मान मिळतो, तो मान जातो, आणि एकाच्या मानासाठी दुसऱ्यास खालच्या पंक्तीत बसावे लागते. आपल्या सुशिक्षित घरांतून हल्ली एक प्रश्न वारंवार विचारला जातो: मुलांस रवा द्यावा की नाचणी? गव्हात कस अधिक की भातात? या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्र कोष्टकांच्या रूपाने देते, आणि ते आम्ही पुढे देणारच आहो. परंतु एक धान्य 'भारी' व दुसरे 'हलके' ही समजूत मुळात आली कोठून, हे कोष्टकांत सापडत नाही. त्यासाठी एखादा मुलूख घेऊन त्याचा जुना व नवा व्यवहार तपासावा लागतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके या कामास फार सोयीचे आहेत. कारण येथे नाचणी घरची आहे व रवा पाहुणा आहे, आणि पाहुण्याने घरच्यास कसे मागे सारले याच्या खुणा येथे स्पष्ट दिसतात.

प्रथम भूमीचा विचार करू. सह्याद्रीची मुख्य भिंत पूर्वेस, तिच्या पायथ्याशी डोंगरांचे सोंडे, आणि त्यांच्यामधून वाहणाऱ्या भातसा, काळू, तानसा इत्यादी नद्या, असा हा प्रदेश आहे. जुन्या काळी यातील उत्तरेकडील रानटापूस कोळवण म्हणत. पाऊस सालीना शंभर इंचांच्या आसपास पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांतच. खोलगट जमिनीत पाणी साठते, तेथे बांध घालून भात लावतात. उतारावरील उथळ, मुरमाड जमिनीस येथे वरकस म्हणतात. तीत पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, पुढे तीळ किंवा खुरासणी, आणि नंतर काही वर्षे पड, असा क्रम असे. भाताच्या व नाचणीच्या रोपांसाठी पालापाचोळा, गवत, शेण यांचे थर पसरून जमीन भाजावयाची, यास राब म्हणतात. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात या राबाचे व वरकस पिकांचे वर्णन आहे. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, वारली आणि कातकरी या लोकांची येथे वस्ती. दिवाळीनंतर काही महिने भात, आणि उरलेल्या वर्षात नाचणीची भाकर, नाचणीची आंबील, वरीचा भात, जोडीला पावसाळ्यातील टाकळा, कुर्डू, शेवळे, कंटोली, ओढ्यांतील मासे व चिंबोऱ्या, असा सामान्य आहार होता.

या यादीत गहू नाही, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. गव्हास थंडी व काळी ओलावा धरणारी जमीन लागते. कोकणपट्टीच्या या भागात दोहोंची वाण आहे. म्हणून गहू येथे नेहमीच घाट उतरून आला. त्याचे मार्ग फार पुरातन आहेत. मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्यावरून जुन्नरास चढणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळी राबता होता. तेथील लेण्यात राणी नागनिकेचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे, आणि त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे व नाणी यांची मोजदाद आहे. घाटमाथ्यावर दगडाचा एक प्रचंड रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकीत, अशी परंपरा सांगते. दक्षिणेस नाणेघाट, त्याच्याजवळ माळशेज, आणि शहापुराकडून कसाऱ्यास जाऊन चढणारा थळघाट, या वाटांनी बैलांच्या पाठीवर कोकणातले मीठ व तांदूळ वर जात आणि देशावरचे गहू, गूळ व डाळी खाली येत. जी वस्तू बैलाच्या पाठीवरून घाट उतरून येते ती गरिबाच्या नित्याच्या ताटात पडत नाही. गहू येथे सणाचा झाला: पुरणपोळीपुरता, लग्नातल्या पंगतीपुरता, देवाच्या नैवेद्यापुरता.

त्या गव्हातही रवा अधिक दुर्मीळ. कारण त्याला लागणारे श्रम. गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात: वरचा कोंडा, एका टोकाचा अंकुर आणि मधला पांढरा गर. वजनाने कोंडा शेकडा १४ च्या आसपास, अंकुर शेकडा ३ च्या आत, आणि बाकीचा सगळा गर. रवा म्हणजे या गराचे रवाळ कण. पूर्वी घरोघरी तो काढण्याची रीत अशी: गहू पाण्याचा हात लावून, फडक्यात बांधून काही वेळ ठेवावयाचे, म्हणजे कोंडा चिवट होऊन अखंड सुटतो, मग जाते जरा हलके ठेवून भरडावयाचे, चाळणीने सपीट निराळे करावयाचे, आणि राहिलेला रवा सुपात घेऊन, हलक्या हाताने पाखडून, कोंड्याचा कण न् कण उडवून लावावयाचा. दोन शेर रव्यासाठी एका बाईची सकाळ जात असे. जो पदार्थ इतक्या श्रमाने निघतो आणि ज्याच्यासाठी दाण्याचा एक भाग टाकून द्यावा लागतो, तो श्रीमंतीचे चिन्ह होणारच. युरोपातही असेच झाले. लॅटिन भाषेत बारीक पांढऱ्या पिठास 'सिमिला' म्हणत. तिच्यापासूनच इटालियन व पुढे इंग्रजी 'सेमोलिना' हा रव्याचा वाचक शब्द आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हंगेरीतील बुडापेस्ट शहरी लोखंडी रुळांच्या गिरण्यांनी हे काम यंत्रावर आणले, आणि जो रवा सुपात पाखडून शेराने निघे तो पोत्यांनी निघू लागला.

येथे आगगाडीचा संबंध येतो. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे, १८५४ मध्ये कल्याण, आणि १८६१ मध्ये कसारा, असा लोहमार्ग पुढे सरकला. १८६५ मध्ये थळघाट चढून तो इगतपुरीस गेला. शहापूर तालुक्याच्या अंगणातून, वाशिंद-आसनगाव-कसाऱ्यावरून, उत्तर हिंदुस्थानचा व देशावरचा गहू मुंबईस धावू लागला. मुरबाडास रुळांचा लाभ झाला नाही; त्याचा व्यवहार कल्याणच्या पेठेशी बैलगाडीने चालू राहिला. परंतु दोन्ही तालुक्यांच्या बाजारपेठांत वाण्याच्या दुकानी रव्याचे पोते उभे राहिले ते या लोहमार्गाच्या योगाने. गावात सत्यनारायण होऊ लागले, सव्वा मापाचा रवा, तूप, साखर, दूध, केळे यांचा प्रसाद हातावर पडू लागला, आणि शिऱ्याची चव व देवाचा मान या दोन गोष्टी लोकांच्या मनात एकत्र बांधल्या गेल्या. आजाऱ्यास रव्याची लापशी, बाळंतिणीस शिरा, पाहुण्यास सांजा: सुस्थितीतील घरांची ही रीत गावच्या पाटलाने उचलली, आणि पाटलाची रीत हळूहळू पाड्यापर्यंत जाऊन पोहोचली.

येथपर्यंत जे सांगितले ते रव्याच्या मानाचे कारण झाले. पण रव्यास मान मिळाला म्हणून नाचणीस अपमान का मिळावा? याची कारणे दोन: एक शास्त्राचे, दुसरे व्यवहाराचे, आणि आमच्या मते दुसरे अधिक बलवान आहे.

शास्त्राचे कारण असे. आपल्या वैद्यकग्रंथांत धान्यांचे वर्ग केलेले आहेत. साळी, षष्टिक, यव, गोधूम यांस वरचे स्थान. सावा, कोद्रू इत्यादी बारीक धान्यांस सुश्रुताने 'कुधान्यवर्ग' असे नाव दिले, आणि पुढील ग्रंथकारांनी त्यांस क्षुद्रधान्य किंवा तृणधान्य म्हटले. वैद्यांचा हेतू गुणदोष सांगण्याचा होता; परंतु 'कु' आणि 'क्षुद्र' ही विशेषणे एकदा चिकटली की ती धान्यावरून धान्य खाणाऱ्यावर उतरण्यास वेळ लागत नाही. गंमत अशी की, याच वर्गातील वरी आपल्या एकादशीस व शिवरात्रीस चालते. त्या दिवशी गहू, रवा व तांदूळ निषिद्ध. म्हणजे ठाकुराच्या डोंगरउताराचे धान्य पुण्यामुंबईच्या सोवळ्या स्वयंपाकघरात उपवासाला पवित्र ठरते आणि ठाकुराच्या घरी ते दारिद्र्याची खूण समजले जाते. धान्याच्या गुणाने ही दोन मते उत्पन्न होणे शक्य नाही. ती खाणाऱ्याच्या स्थितीवरून झाली आहेत, हे उघड आहे.

व्यवहाराचे कारण याहून खोल आहे. या तालुक्यांत जमिनीचा खंड भातात भरावा लागे. सावकाराचे देणे भातात फिटे. बाजारात रोकड येई ती भाताची. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की खातेदाराकडून वा सावकाराकडून खावटी काढावयाची आणि सुगीस ती दिढीने, कधी त्याहून अधिकाने, परत करावयाची, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला. नाचणीस खंडात व बाजारात किंमत नव्हती. म्हणून ती कुळाच्या घरी राहिली व कुळाचे पोट तिने भरले. 'पिकते तेथे विकत नाही' ही म्हण येथे उलट्या अंगाने खरी ठरली: विकत नव्हती म्हणूनच ती पिकणाऱ्याच्या तोंडी पडली. जे धान्य दुसऱ्याच्या कोठारात जाते ते मानाचे, आणि जे आपल्या कणगीत राहते ते हलके, अशी समजूत ज्या समाजात खंड व खावटी यांचे राज्य आहे तेथे आपोआप उत्पन्न होते. १९४८ च्या कुळकायद्याने व १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने पुष्कळ कुळे जमिनीची मालक झाली. परंतु समजूत कायद्याच्या आधी जन्मली होती व कायद्यानंतरही ती उरली.

यात जंगलाच्या कायद्याने भर घातली. ठाकूर, कातकरी हे लोक डोंगराच्या उतारावर झाडोरा तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी-वरी पेरीत. यास दळी म्हणत. १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव जंगलाच्या सीमा आखल्या, दळी आवरली, आणि राबासाठी फांद्या तोडण्यावरही निर्बंध आले. ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांत त्याबद्दल इतका असंतोष माजला की, मुंबई सरकारास १८८५ मध्ये एक जंगल-कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. जंगलाचे रक्षण अवश्य होते, याविषयी आमचा वाद नाही. परंतु त्याची किंमत कोणी दिली हे सांगितले पाहिजे. उतारावरची शेती आकसली, आणि तिच्याबरोबर नाचणी व वरीचे क्षेत्र आकसले. ज्याची दळी गेली तो कोळशाच्या भट्टीवर, कात पाडण्यास, आणि पुढे भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर मजुरीस जाऊ लागला. तेथे आठवड्याची खर्ची मिळते, आणि खर्चीत जे धान्य दुकानी मिळेल तेच विकत घ्यावे लागते. नाचणी सुटण्यास लोकांची आवड कारण झाली असे म्हणण्यापूर्वी, ती पेरण्याची जमीन सुटली होती हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता विज्ञानाकडे वळू. धान्याचा कस प्रयोगाने मोजण्याचे शास्त्र फार जुने नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटात आइकमान या डच वैद्याने, सडून पांढरा केलेला तांदूळ कोंबड्यांस घातला असता त्यांच्या नसा दुबळ्या होतात आणि कोंडा परत दिला असता त्या सुधारतात, हे दाखवून दिले. त्याबद्दल १९२९ मध्ये त्यास नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्याकडे निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९२० नंतरच्या दशकात उंदरांना हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांचे आहार घालून पाहिले. शिखांच्या आहारावर वाढलेले उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले; भाताच्या मद्रासी आहारावरचे सर्वांत खुरटे निघाले. यावरून 'गहू श्रेष्ठ, भात कनिष्ठ' असा बोध पुष्कळांनी घेतला आणि गव्हाचे सगळेच पदार्थ त्या श्रेष्ठत्वात सामील करून टाकले. परंतु त्या शिखी आहारात गहू होता तो कोंड्यासह दळलेल्या कणकेचा. शिवाय दूध, लोणी, डाळी व भाजी होती. कोंडा व अंकुर काढून टाकलेल्या रव्यास किंवा मैद्यास त्या प्रयोगाचे प्रशस्तिपत्र लागू पडत नाही. १९३७ मध्ये कुन्नूरच्याच प्रयोगशाळेतून एक्रॉइड यांनी हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली; ती प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादेस गेली, आणि आज तीच राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. तिने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली कोष्टके आज प्रमाण मानतात.

त्या कोष्टकांवरून, दर १०० ग्रॅम कच्च्या धान्यात काय असते ते स्थूलमानाने सांगतो. प्रथिने: रव्यात सुमारे ११.४ ग्रॅम, अख्ख्या गव्हात १०.६, पांढऱ्या तांदळात ७.९, नाचणीत ७.२. कॅल्शियम, म्हणजे हाडांस लागणारे चुनखडीचे द्रव्य: नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम, अख्ख्या गव्हात ३९, रव्यात २९, पांढऱ्या तांदळात ८ देखील नाही. लोह: नाचणीत सुमारे ४.६ मिलिग्रॅम, अख्ख्या गव्हात ४, रव्यात ३, आणि पांढऱ्या तांदळात एकाहून कमी. बेरीबेरीचा प्रतिबंध करणारे थायमिन जीवनसत्त्व अख्ख्या गव्हात ०.४६ मिलिग्रॅम असते. रवा होताना ते ०.२९ वर येते. शरीरास मिळणारी उष्णता सर्वांत जवळजवळ सारखी, ३२० ते ३५६ कॅलरींच्या दरम्यान.

या आकड्यांनी दोन्ही पक्षांचा गर्व उतरावा. रवा म्हणजे नुसते पिठूळ सत्त्वहीन अन्न, असे हल्ली काही लोक म्हणू लागले आहेत. ते खरे नाही. प्रथिनांत तो तांदळाच्या व नाचणीच्या पुढे आहे. तो लवकर शिजतो, सरपण थोडे लागते, घशाखाली सहज उतरतो, अशक्तास झेपतो. आजाऱ्याच्या आहारात त्यास जागा मिळाली ती उगीच नव्हे. मात्र त्याच्या प्रथिनांत लायसिन या घटकाची उणीव असते, आणि ती दूध, डाळ किंवा शेंगदाणे यांनी भरून निघते. आपल्या शिऱ्यात दूध व उपम्यात डाळ-दाणे पडतात तेव्हा ही उणीव नकळत भागते. पण पाण्यात शिजवून साखर घातलेली लापशी पोट भरते, अंग भरीत नाही. उलटपक्षी नाचणीचा कॅल्शियम कोष्टकात दिसतो तितका सगळा शरीरास लागत नाही, कारण तिच्यातील फायटेट व टॅनिन ही द्रव्ये त्याच्या शोषणास अडथळा करतात. येथे आमच्या जुन्या बायकांचे शहाणपण कौतुकास्पद आहे. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून तिचे सत्त्व काढणे आणि पीठ आंबवून आंबील करणे, या दोन्ही रीतींनी तो अडथळा पुष्कळ कमी होतो. शिवाय मोड आलेल्या धान्याची पेज दाट असूनही पातळ राहते, म्हणून लहान मुलाच्या लहान पोटात अधिक अन्न जाते. रसायनशास्त्र शिकल्यावाचून हे ज्ञान जात्याभोवती व चुलीभोवती टिकून होते.

एक हिशेब करून पाहू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरविल्याप्रमाणे, एक ते तीन वर्षांच्या मुलास दिवसाकाठी ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. ज्याच्या घरी दूध आहे त्यास ते दुधातून मिळते. कातकऱ्याच्या झोपडीत दूध कोठून येणार? तेथे ५० ग्रॅम नाचणीतून १८० मिलिग्रॅम येते. तितक्याच रव्यातून १५ आणि पांढऱ्या तांदळातून ४ येते. शोषणातील तूट धरली तरी अंतर अफाट राहते. म्हणून 'रवा बरा की नाचणी' हा प्रश्न ठाण्याच्या सुखवस्तू घरात चवीचा आहे. दुधाची वाटी शेजारी असली म्हणजे दोहोंपैकी काहीही चालेल. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर तोच प्रश्न मुलाच्या हाडांचा होतो.

या पार्श्वभूमीवर गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास वाचावा. २ मे १९४३ रोजी मुंबईत शिधावाटप सुरू झाले, आणि भात खाणाऱ्या शहरास गहू घेण्याची सवय लागली. ऑगस्ट १९५६ मध्ये अमेरिकेशी झालेल्या करारानंतर परदेशी गहू जहाजांनी उतरू लागला व शिधादुकानांच्या वाटेने गावोगाव पोहोचला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने सुकडी पाहिली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पुढे तिच्या अंगणवाड्यांतून घरी नेण्यासाठी जी तयार पिठांची पाकिटे मिळू लागली, त्यांवर शिरा, उपमा, सुकडी ही नावे होती. ही नावे पाहावी. पूर्वी सत्यनारायणाच्या प्रसादाने आलेला शिरा आता सरकारी पाकिटातून आला. उद्देश चांगला होता, आणि भुकेल्या मुलास मिळालेले अन्न आम्ही कमी लेखीत नाही. परंतु पाड्यावरच्या आईस त्यातून एक धडा मिळाला: पौष्टिक म्हणून जे द्यावयाचे ते बाहेरून, पाकिटात, शहरी नावाने येते, आपल्या कणगीतले ते नव्हे.

या धड्याची किंमत केवढी असू शकते ते शेजारच्या मुलुखाने दाखविले. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणाने व रोगाने बालके दगावली, आणि सबंध महाराष्ट्र हादरला. तो तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. नाचणी सुटली म्हणून मुले गेली, असे कोणी म्हणेल तर ते अर्धवट विधान होईल. दारिद्र्य, स्थलांतर, रस्ते व दवाखाने यांची वाण, मातांची स्वतःची उपासमार, अशी कारणांची साखळी लांब आहे. पण घरचे एक कसदार धान्य हाताशी असते तर त्या साखळीची एक कडी तरी ढिली झाली असती, असे मानण्यास आधार आहे. नाचणी व्यवस्थित वाळवून ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते, तिला कीड लागत नाही. रव्यास पावसाळ्याच्या एका महिन्यात जाळी धरते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. ज्या मुलुखात श्रावण-भाद्रपद हेच उपासमारीचे महिने, तेथे कणगीतल्या टिकाऊ दाण्याचे मोल कॅल्शियमच्या आकड्याइतकेच मोठे आहे.

अलीकडे वारे फिरले आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ व गव्हाबरोबर भरडधान्याचेही नाव आले, जरी लोकांच्या पदरात मुख्यतः तांदूळ व गहूच पडले. २०१५ मध्ये महाराष्ट्राने आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना काढून शिजवलेले चौरस जेवण देण्यास आरंभ केला. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले. परिणामी नाचणीची बिस्किटे, नाचणीच्या शेवया, नाचणीचे सत्त्व शहरांतील दुकानांत रुबाबाने मांडले गेले आहेत. वैद्यांनी जिला क्षुद्रांत बसविले व खंडाने जिला वगळले, तिला आता बाजाराने कवटाळले. यात आनंदाबरोबर एक धोकाही आहे. भाताने एकदा जे केले ते नाचणी दुसऱ्यांदा करू शकते: मान वाढला की ती कणगीतून निघून दुकानात जाईल, आणि पिकविणारा तिच्या पैशाने पांढरा तांदूळ व चहाबरोबरची बिस्किटे घेईल. मुंबईची तहान भागविणारे तानसा व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पाण्याच्या बाबतीत जे घडले ते धान्याच्या बाबतीत घडू नये.

या निमित्ताने आणखी एक समजूत दूर केली पाहिजे. नाचणी 'आपली' आणि गहू 'परका' असा अभिमान धरण्यातही अर्थ नाही. गव्हाची लागवड प्रथम पश्चिम आशियात झाली. तरी दख्खनमध्ये तो इतका जुना आहे की, पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथील तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या उत्खननात सातूबरोबर त्याचे जळके दाणे सापडले. नाचणीची जन्मभूमी पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांत. तीही समुद्र ओलांडून आलेली पाहुणीच. अस्सल इथली म्हणावी अशी या तिघांत वरी. पाहुणा किती दिवसांपूर्वी आला यावरून त्याची योग्यता ठरत नाही. तो घरच्यांच्या उपयोगी किती पडतो यावरून ठरते.

म्हणून रव्याशी वैर धरण्याचे कारण नाही. प्रसादाचा शिरा गोडच आहे व तो गोडच राहो. आजाऱ्याची लापशी, प्रवासातला सांजा, दिवाळीचे रव्याचे लाडू यांस आपल्या घरांतून कोणी हद्दपार करू नये. मागणे इतकेच आहे की, रव्यास जो मान मिळाला तो त्याच्या कसापेक्षा त्याच्या दुर्मीळपणाने मिळाला होता, आणि नाचणीस जो अपमान मिळाला तो तिच्या दोषाने नव्हे, तिच्या खाणाऱ्याच्या गरिबीने मिळाला, हे सुशिक्षितांनी ओळखावे. कारण पाड्यावरची आई आपले ताट शहराच्या ताटाकडे पाहून ठरविते. शिक्षिका, डॉक्टर, अधिकारी, सुट्टीत फिरावयास येणारी कुटुंबे, या सर्वांच्या तोंडून 'हलके धान्य' हा शब्द ती ऐकते. तो शब्द आम्हां शिकलेल्यांच्या बोलण्यातून गेला, वरकसावरचा दाणा पिकविणाऱ्याच्या घरी वर्षभर पुरेल इतका आधी राखला गेला, आणि अंगणवाडीच्या चुलीवर त्याच पाड्यात पिकलेल्या नाचणीची आंबील शिजली, तर शहापूर-मुरबाडच्या मुलांस या अन्नेतिहासाचा काही उपयोग झाला असे म्हणता येईल.